दीपोत्सवातील धूर आणि वर्षभराची हवा

आश्विन वद्य चतुर्दशीची पहाट म्हणजे महाराष्ट्रात तेल-उटण्याचा सुगंध, अभ्यंगस्नान, पायाखाली चिरडलेले कारीट आणि त्यापाठोपाठ अंधारातच उडणारा फटाक्यांचा पहिला बार! आळीत पहिला फटाका कोणी वाजवावयाचा, याची चढाओढ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु वातावरणशास्त्राच्या दृष्टीने पाहू गेल्यास, चोवीस तासांतील हाच प्रहर हवेत धूर सोडण्यास सर्वांत प्रतिकूल होय. मध्यान्हीला जो धूर पाहता पाहता विरून जाईल, तोच पहाटे जमिनीलगत तासन्‌तास रेंगाळतो. यात दोष ना सणाचा, ना पंचांगाचा. हा हवेचा स्वभाव आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून प्रदूषणाविषयीचा कोणताही वाद अर्थपूर्ण होऊ शकत नाही.

असा वाद आपल्याकडे दर वर्षी दिवाळीच्या सुमारास नियमाने रंगतो. एक पक्ष म्हणतो की, वर्षातून चार दिवस उडणाऱ्या फटाक्यांवरच सर्वांचा डोळा का? दुसरा पक्ष म्हणतो की, फटाके बंद झाले म्हणजे हवा शुद्ध होईल. पाडवा आणि भाऊबीज आटोपली की दोन्ही पक्ष शांत होतात. हवा मात्र त्यानंतरही मार्गशीर्ष, पौष आणि माघापर्यंत मलिनच राहते. तेव्हा दीपोत्सवाच्या निमित्ताने या प्रश्नाचा जरा मुळापासून विचार करणे उचित ठरेल.

वारा थांबतो तेव्हा

दिवसा सूर्याच्या उष्णतेने जमीन तापते. तिच्यालगतची हवा तापून हलकी होते, वर चढते आणि आपल्याबरोबर धूर व धूळ घेऊन जाते. हे अभिसरण भूपृष्ठापासून एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत चालू असते. सूर्यास्तानंतर चित्र पालटते. जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन खालीच बसते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर पसरतो. उंचीबरोबर तापमान उतरावे, हा नेहमीचा क्रम. येथे तो उलटा होतो. वरचा उबदार थर भांड्यावरील झाकणासारखा काम करतो. ज्या धुराला दुपारी हजार मीटर उंचीचे दालन मोकळे होते, त्याला पहाटे शंभर मीटरचेच मिळाले, तर धूर तेवढाच असूनही त्याची दाटी दहापट होईल. हे झाकण रात्र चढेल तसे घट्ट होत जाते आणि सूर्योदयानंतर ऊन तापू लागेपर्यंत उचलले जात नाही.

दिवाळी नेमकी अशा संधिकाळात येते. नैर्ऋत्य मोसमी वारे ऑक्टोबरात माघारी फिरलेले असतात, हवा धुऊन काढणारा पाऊस थांबलेला असतो, वाऱ्याचा वेग मंदावतो आणि रात्री लांबू लागतात. मुंबईसारख्या किनाऱ्यावरील शहराला दिवसा समुद्रावरून आणि रात्री जमिनीवरून वाहणाऱ्या वाऱ्यांचे वरदान आहे. परंतु हे वारे दुबळे झाले, की रात्री समुद्राकडे ढकललेली मलिन हवा दुसऱ्या दिवशी पुन्हा शहरात परतते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हवामान प्रदूषण निर्माण करीत नाही; ते केवळ उघडे पाडते. जून ते सप्टेंबर या काळातही गिरण्यांची, गाड्यांची आणि भट्ट्यांची धुराडी बंद नसतात. त्यांचा धूर वारा आणि पाऊस परस्पर वाहून नेतात, म्हणून आपल्याला त्याची जाणीव होत नाही, इतकेच. पावसाळ्यात शुद्ध हवेचे श्रेय घ्यावे आणि हिवाळ्यात अशुद्ध हवेचा दोष वाऱ्याला द्यावा, हा आपल्या नगर-प्रशासनांचा जुनाच शिरस्ता आहे.

दिसते ते आणि न दिसते ते

हवेतील मलिन द्रव्ये मुख्यतः दोन प्रकारची असतात: वायू आणि कण. वायूंमध्ये गंधकाचा डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि ओझोन ही प्रमुख होत. यांपैकी ओझोन कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर कडक उन्हाची क्रिया होऊन तो हवेतच तयार होतो.

कणांचे वर्गीकरण आकारावरून केले जाते. दहा मायक्रॉनपर्यंतचे कण श्वासाबरोबर आत जातात; परंतु त्यांतील मोठे कण नाकात व घशात अडतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण मात्र थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. माणसाचा केस साधारणतः पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. दमा आणि जुनाट खोकला एवढ्यापुरताच हा उपद्रव नाही. हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशी या कणांचा संबंध सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१३ साली बाह्य वायुप्रदूषणाची गणना माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांत केली.

या सूक्ष्म कणांपैकी बराच भाग कण म्हणून जन्मालाच येत नाही. औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यातून गंधकाचा वायू बाहेर पडतो, शेकडो किलोमीटर प्रवास करतो आणि वाटेत अमोनियाशी संयोग पावून सल्फेटाचा कण बनतो. गाड्यांतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून असेच नायट्रेटाचे कण तयार होतात. म्हणून ज्या गावात धुराडे नाही, त्या गावाची हवा निर्मळच असेल, असे समजण्याचे कारण नाही.

आता फटाक्यांकडे वळू. पोटॅशियम नायट्रेट, गंधक, कोळशाची पूड आणि ॲल्युमिनियम हे त्यांतील मुख्य घटक. हिरवा रंग बेरियमचा, तांबडा स्ट्रॉन्शियमचा, निळा तांब्याचा. कानठळ्या बसविणाऱ्या बाँबवर सर्वांचा राग असतो; परंतु धुराच्या दृष्टीने खरा धोका वेगळाच आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सर्वाधिक सूक्ष्म कण सोडणारा प्रकार ठरला तो मुलांच्या आवडीचा, मुळीच आवाज न करणारा ‘साप’! तो जळताना जवळच्या हवेत सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरमागे सुमारे ६४ हजार मायक्रोग्रॅमपर्यंत गेल्याचे आढळले. फुलबाजी आणि भुईचक्र यांचीही त्या पाहणीत सुटका झाली नाही. निरुपद्रवी म्हणून लहानग्यांच्या हाती आपण जे देतो, तेच त्यांच्या नाकाशी सर्वांत निकट जळत असते.

चोवीस तासांची सरासरी

या सर्वांचे मोजमाप कसे होते? केंद्र सरकारने २००९ साली अधिसूचित केलेल्या मानकांनुसार अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण घनमीटरमागे वार्षिक सरासरीने ४० आणि चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेल्या मर्यादा अनुक्रमे ५ आणि १५ इतक्या कडक आहेत. सामान्य नागरिकाला समजावे म्हणून २०१५ पासून हवेचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. ‘चांगली’पासून ‘गंभीर’पर्यंतच्या सहा पायऱ्या त्यात आहेत.

ही सोय उपयुक्त खरी. परंतु तिची मर्यादाही जाणली पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दैनंदिन पत्रकातील निर्देशांक हा चोवीस तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन तास जो कल्लोळ होतो, तो या सरासरीत पातळ होऊन जातो. शिवाय आकडा असतो तो केंद्रापाशी मोजलेल्या हवेचा. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, उड्डाणपुलाखाली भाजी विकणारी बाई आणि कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीतील मूल यांच्या श्वासाचा आकडा कोणत्याही फलकावर झळकत नाही. मुंबईच्या माहुल भागात, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन करण्यात आले होते. तेथे राहण्याची सक्ती लोकांवर करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाला २०१९ साली सांगावे लागले. हवा सर्वांची असते हे खरे. परंतु ती सर्वांना सारखी मिळत नाही.

काळ्या धुरापासून आजच्या कायद्यापर्यंत

धुराविरुद्धचा कायदा आपल्याला नवा नाही. गिरण्यांच्या धुराड्यांनी मुंबईचे आकाश काळवंडू लागले, तेव्हा १९१२ सालीच धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. परंतु त्याची नजर होती ती डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुरावर. न दिसणाऱ्या वायूंचा आणि कणांचा विचार व्हावयास आणखी सात दशके जावी लागली. १९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पंतप्रधान इंदिरा गांधी तिला उपस्थित होत्या. तेथे घेतलेल्या निर्णयांना अनुसरून संसदेने १९८१ साली वायुप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा संमत केला. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे विषारी वायूने हजारो जीव घेतले आणि १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्मळ हवा व पाणी हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

कायद्यांची उणीव, म्हणून, नाही. कारखाना उभारण्यापूर्वी आणि चालविण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. संमतीपत्रात धुराड्याची उंची आणि उत्सर्जनाची मर्यादा नमूद असते. प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने वायू कायद्यातील बहुतेक अपराधांसाठी तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. कैदेची शिक्षा क्वचितच होत असे. दंड तरी खरोखर वसूल होईल, हा त्यामागील युक्तिवाद. तो खरा ठरावयाचा असेल, तर यंत्रणा बसविण्यापेक्षा दंड भरणे स्वस्त, असा हिशेब कोणत्याही मोठ्या कारखानदाराला मांडता येऊ नये.

जे साधले, ते कसे साधले?

प्रदूषण-नियंत्रणाचे मार्ग ढोबळमानाने तीन. पहिला, मलिन द्रव्य दूर पाठवून विरळ करणे. उंच धुराडे हे त्याचे उदाहरण. दुसरा, ते बाहेर पडण्यापूर्वी अडविणे. विजेच्या भाराने राख ओढून घेणारी यंत्रे, कापडी पिशव्यांच्या गाळण्या, वायू धुऊन काढणारे मनोरे आणि गाड्यांतील उत्प्रेरक नळकांडी या वर्गात मोडतात. तिसरा मार्ग म्हणजे ते निर्माणच होऊ न देणे, अर्थात इंधन किंवा प्रक्रिया बदलणे. आजवर जेथे जेथे निश्चित यश आले, तेथे ते मुख्यतः तिसऱ्या आणि काही अंशी दुसऱ्या मार्गाने आले आहे.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस दाट धुरके साचले. आरंभीच्या अंदाजाप्रमाणे त्याने सुमारे चार हजार बळी घेतले. पुढील संशोधकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्या वेळीही वारा पडलेला होता आणि हवेवर झाकण बसलेले होते. तथापि, ब्रिटिश संसदेने वाऱ्यावर ठपका ठेवला नाही. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने धूरमुक्त विभाग ठरविण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला आणि घरोघरच्या शेगड्या बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सरकार व नगरपालिका यांनी उचलला. सामान्य माणसाला नुसता हुकूम न सोडता त्याला हात दिला गेला, हे या यशाचे मर्म होय.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीच्या सार्वजनिक बसगाड्या डिझेल सोडून सीएनजीवर धावू लागल्या. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि मुलांच्या मेंदूला घातक असलेले शिसे गाड्यांच्या धुरातून गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत-सहा मानकाचे इंधन लागू झाले. त्यामुळे गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर उतरले. तुर्भ्याच्या वीजकेंद्रात धुरातील गंधक समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा १९८०च्या दशकातच उभी राहिली होती. म्हणजे हे तंत्र आपल्याला अपरिचित किंवा अशक्य होते, असे म्हणता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर अलीकडचा एक निर्णय चिंतनीय आहे. औष्णिक केंद्रांनी गंधकाचा वायू रोखावा, असे मानक २०१५ साली घालण्यात आले. दोन वर्षांची मुदत वारंवार वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना त्या मानकातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि यंत्रणेचा खर्च वीजदरावर पडतो, हे सरकारचे म्हणणे. पहिले विधान खरे आहे. दुसरेही खोटे नाही. परंतु कोळसा जाळावयाचा तो कोट्यवधी टनांनी; तेथे अल्प प्रमाणाचेही मोठे ओझे होते, आणि गंधकापासून बनणारे कण केंद्राच्या कुंपणाशी थांबत नाहीत. वीजदरात न आलेला खर्च रुग्णाच्या औषधाच्या चिठ्ठीत येतो, एवढाच काय तो फरक.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आरंभिला. आज १३१ शहरे त्याच्या कक्षेत असून त्यांत महाराष्ट्रातील शहरांची संख्या लक्षणीय आहे. पैसाही मिळाला, तो गेला कोठे? दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०२४ साली केलेल्या विश्लेषणानुसार खर्चापैकी सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यावरील धूळ कमी करण्याकडे वळली. कारखान्यांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही. झाडणाऱ्या यंत्रगाड्या आणि पाण्याचे फवारे दृष्टीला सुखावतात. उद्‌घाटनालाही ते सोयीचे. परंतु फवाऱ्याने बसते ती मुख्यत्वे जाड धूळ. अडीच मायक्रॉनच्या कणाला त्याची फारशी भीती नसते, वायूंना तर मुळीच नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीवर कृत्रिम पावसाचेही प्रयोग झाले; ढगांत पुरेसा ओलावाच नसल्याने ते साधले नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, या म्हणीचे याहून चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही.

धूळ दुर्लक्षणीय आहे, असा याचा अर्थ नव्हे. मुंबईत हजारो बांधकामे एकाच वेळी चालू असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये महानगरपालिकेने बांधकामाभोवती २५ ते ३५ फूट उंचीचे पत्रे लावणे, राडारोडा झाकून नेणे, ट्रकची चाके धुणे, असे नियम घातले. ते योग्यच होते, कारण ते धुळीच्या उगमाशी भिडतात. रस्त्यावर पसरलेली धूळ रोज झाडीत बसण्यापेक्षा ती ट्रकमधून सांडूच न देणे केव्हाही स्वस्त.

याच दृष्टीने मुंबई उच्च न्यायालयाचे दोन आदेश पाहावेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० अशी मर्यादित केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीसाठी घालून दिलेली वेळही हीच होती. त्याच निकालाने बेरियमयुक्त फटाक्यांना मनाई केली आणि केवळ ‘हरित’ फटाक्यांना परवानगी दिली. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेल्या या फटाक्यांत कणांचे प्रमाण तीस टक्क्यांनी कमी असते. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे विसरून चालणार नाही. तीस टक्के कमी धुराचे दुप्पट फटाके उडविल्यास फायदा कोणाचाच नाही. दुसरा आदेश जानेवारी २०२५ चा. लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या मुंबईतील बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे न्यायालयाने फर्मावले. रोजचा पाव भाजणाऱ्या या भट्ट्यांत जुन्या फर्निचरचे रंग व डिंक लागलेले लाकूडही जळते, तेव्हा आदेशाचा हेतू निर्विवाद आहे. परंतु लंडनने शेगडीवाल्याला दिला तसा हात आपण भट्टीवाल्याला देणार आहोत काय? गरिबाचा पाव महाग करून श्रीमंताची हवा शुद्ध करणे, हा न्याय म्हणता येणार नाही.

हवेला नगरपालिकेची हद्द नसते

आणखी एक अडचण रचनेतच आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण आणि पनवेल येथील महानगरपालिका वेगळ्या, हवा एक. प्रत्येकीचा आराखडा स्वतंत्र, अंदाजपत्रक स्वतंत्र. दिल्ली व तिच्या परिसरासाठी २०२१ च्या कायद्याने एक संयुक्त आयोग स्थापन झाला. त्याच्या यशाविषयी मतभेद असू शकतील. परंतु एका हवेचा विचार एकत्रित झाला पाहिजे, हे तत्त्व मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यालाही लागू पडते. चंद्रपूरला तर ते अधिकच लागू आहे. तेथे कोळशाच्या खाणी, औष्णिक केंद्र आणि सिमेंटचे कारखाने एकमेकांच्या सान्निध्यात असून, २००९ च्या गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत हा जिल्हा वरच्या क्रमांकांत होता. तेथील नागरिकाची हवा बिघडण्यासाठी दिवाळी यावी लागत नाही.

मग सणाचे काय? उत्तर सरळ आहे. फटाक्यांचा धूर दोन-चार रात्रींचा असला, तरी तो वर्षातील सर्वांत कोंदट हवेत, आधीच भरलेल्या पेल्यात ओतला जातो. म्हणून त्यावर मर्यादा हवीच. पणतीने हवा बिघडत नाही, रांगोळीने नाही, फराळाने नाही. पहाटेचा बार टाळला आणि मुलांच्या हातचा ‘साप’ काढून घेतला, तर सणाचे काहीच उणे होणार नाही, आणि शेजारच्या घरातील दमेकऱ्याला भाऊबीज अंथरुणात काढावी लागणार नाही.

परंतु नागरिकाने आपली फुलबाजी आवरली, म्हणजे धुराडेवाल्याचे कर्तव्य संपले, असे होऊ नये. उलट, ज्याने स्वतः संयम पाळला, त्यालाच प्रश्न विचारण्याचा अधिकार पोहोचतो. आपल्या शहराला स्वच्छ हवेसाठी किती निधी मिळाला आणि तो कशावर खर्च झाला? कोणत्या कारखान्याच्या संमतीपत्रात काय मर्यादा आहे आणि धुराड्यातून प्रत्यक्षात काय बाहेर पडते? हे प्रश्न नरकचतुर्दशीला नव्हे, तर आषाढात, हवा निर्मळ भासत असतानाच नगरसेवकाला आणि प्रदूषण मंडळाला विचारले पाहिजेत. कारण उगमाशी उपाय करावयाचा तर त्याला महिने लागतात, आणि वारा पडल्यावर हाती काही तास उरतात.